मधला नसताना

तंत्रशाळेच्या मागच्या खोलीत, टेबलावर,
दोन जुने राउटर तोंडं समोरासमोर करून ठेवलेत.
बाहेर वारा. पुंता अरेनासला तो असतोच,
इथली झाडंसुद्धा एका अंगाला भांग पाडून वाढतात.

उद्या पोरांना फ्रेम रिले शिकवायचंय
आणि मधला स्विच नाही.
कंपनीनं ती सेवा केव्हाच गुंडाळली.
आमच्याकडे एक होता, तो भंगारात चौदा किलो भरला.
अभ्यासक्रमात धडा मात्र अजून आहे.

म्हणून एकच केबल, या पेटीतून त्या पेटीत.
एका टोकाला पुसट चिठ्ठी: हे टोक वेळ देणारं.
ते ज्याच्या वाट्याला आलं त्यानं ठेका धरायचा,
सेकंदाला चौसष्ट हजार,
दुसऱ्यानं त्यावर पाऊल टाकायचं.
थोरला कोण, धाकटा कोण, ते यंत्राला ठाऊक नसतं.

दिवे लागले. पडद्यावर ओळ आली:
तार चालू. बोलणं बंद.

कारण दोघंही दर दहा सेकंदांनी
मधल्याला विचारतायत, आहेस ना?
माझी वाट जिती आहे ना?
दोघंही विचारणारे. उत्तर देणारं कुणी नाही.
तीनदा वाट पाहून दोघंही समजूत करून घेतात
की पलीकडे कुणीच नाही.
पलीकडे, म्हणजे दीड हातावर.

स्लाव्काला जाऊन येत्या जूनमध्ये वर्ष होईल.
आमची बहीण.
द्रागो सामुद्रधुनीच्या पलीकडे, पोर्वेनीरला.
फेरीबोटीनं दोन तास, वारा पडला तर.
कुंपणावरून बिनसलं की बापाच्या बोटीच्या इंजिनावरून,
ते आता आम्ही दोघं वेगवेगळं सांगतो.
एकोणीस वर्षं सगळं तिच्यामार्फत.
द्रागोला सांग, छपराचे पत्रे बघून घे.
येर्कोला म्हणावं, मला कळतं.
ती अर्धं गाळायची, उरलेल्यात साखर घालायची.
तिला पोचवायला दोघंही होतो,
शवपेटीच्या दोन बाजूंना दोन खांदे,
मध्ये ती.
त्यानंतर मी भाचीला विचारतो, मामा बरा आहे ना तिकडचा?
तोही तिलाच विचारत असणार.
ती सांतियागोला असते, फोन उचलत नाही.

उपाय एका ओळीचा आहे.
वहीत लिहून ठेवलाय, जुन्या जांभळ्या शाईत:
खुशाली विचारणं थांबवा. दोन्हीकडे.
मग यंत्र धरून चालतं की पलीकडे कुणीतरी आहे
आणि सरळ पाठवायला लागतं.
त्याखाली आणखी एक, दोनदा अधोरेखित:
वाटेचा आकडा दोन्ही टोकांना एकच हवा.
स्विच असता तर इकडचं एकशे दोन
त्यानं तिकडं दोनशे एक करून पोचवलं असतं.
स्लाव्का हेच करायची की.

मी दोन्हीकडे एकशे चार लिहिलं.
पाच हाका टाकल्या.
पडद्यावर पाच उद्गारचिन्हं उमटली, शब्द एकही नाही.

रात्रीचे साडेअकरा.
तो नऊला झोपतो असं स्लाव्का सांगायची.
दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.
बरा आहेस का, असं मी विचारलं नाही.
म्हटलं, बापाच्या इंजिनाचा पिस्टन तुझ्याकडे राहिलाय.
सिलिंडर इथं नुसता गंजतोय.

बराच वेळ वारा ऐकू आला,
माझ्या खिडकीवरून मघाशी गेला तोच असावा,
आता तिकडे पोचलेला.

मग द्रागो म्हणाला,
कुठला? दोन आहेत.